आईचा मणका सरकलाय, पण तो हलतोय का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लातूरला शिकता, आई-वडील धारूर तालुक्यातले, वीसेक वर्षांपासून ऊसतोडीला जातात. आईंचं वय ४७. दोन वर्षांपासून कंबर दुखते, वाकून उठताना ‘मधीच अटकते’, आणि यंदा फडावरून परतल्यापासून डाव्या पायाला मुंग्या येतात. एमआरआयच्या कागदावर कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकल्याचं (ग्रेड १ लिस्थेसिस) आणि इन्स्टॅबिलिटीची, म्हणजे अस्थिरतेची शक्यता असल्याचं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले, लगेच स्क्रू टाका, नाहीतर पाय जातील. दुसऱ्यांनी पट्टा दिला. गावाकडचा एक जण तीन बैठकांत मणका बसवून देतो म्हणतोय. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून मोसमाची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन झालीय आणि दसऱ्यानंतर निघायचंय. ऑपरेशन करावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. अंबाजोगाई-केज पट्ट्यात २२ वर्षं काम करते आणि माझ्याकडे कंबर घेऊन येणाऱ्या बायकांत ऊसतोडीच्या बायका खूप असतात. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे करा किंवा करू नका असं इथून सांगणं बरोबर होणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी विचारायचा एक प्रश्न तुमच्या हातातल्या कागदांत कुठेच सुटलेला दिसत नाही. मणका सरकलाय हे एमआरआयने सांगितलं. तो अजून हलतोय का, हे कुणी पाहिलंय का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फडाजवळ पाल ठोकतात ते तुम्ही पाहिलं असेल. मधला खांब थोडा कलता असला तरी चारी बाजूंचे दोर ताणलेले असले की पाल वाऱ्यात उभं राहतं. खांब अगदी सरळ पण दोर ढिले, तर तेच पाल झुलतं. कंबरेचंही तसंच आहे. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी १९९२ साली मणक्याच्या स्थैर्याची जी मांडणी केली, ती आम्ही आजही वापरतो. कंबर तिघांच्या भरवशावर उभी असते: एक हाडं, चकत्या आणि त्यांना बांधणारे लिगामेंट, दुसरे आजूबाजूचे स्नायू, आणि तिसरी मेंदू-नसांकडून त्या स्नायूंना वेळेवर जाणारी सूचना. पहिला कमजोर पडला की बाकीचे दोघे बराच भार उचलू शकतात. तिघेही ढिले पडले की मणका आपल्या नेहमीच्या मर्यादेबाहेर हलायला लागतो. त्याला अस्थिरता म्हणायचं. पुढे सरकून तिथेच घट्ट बसलेला मणका अस्थिर असेलच असं नाही.

आईंच्या वयात, बाईमाणसात, चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये होणारं हे सरकणं बहुतेक वेळा झिजेमुळे होतं. चकतीची उंची कमी होते, मागचे फॅसेट सांधे झिजतात आणि वरचा मणका पुढे घसरतो. मणक्याची मागची कमान शाबूत असल्यामुळे हे घसरणं सहसा फार पुढे जात नाही. ग्रेड १ म्हणजे खालच्या मणक्याच्या रुंदीच्या पाव भागापेक्षा कमी. दुसरा प्रकार पाचव्या मणक्याच्या कमानीत लहानपणीच किंवा वयात येताना पडलेल्या चिरेचा असतो. तो शंभरात पाच-सहा जणांत सापडतो आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. दोन्ही प्रकारांचे उपाय थोडे वेगळे असल्याने आईंचा कोणता, हे आधी विचारून घ्या.

आता ‘पाय जातील’ या भीतीबद्दल. ती तुमच्या घरात घुसलीय हे प्रश्नाच्या ओळीओळीत दिसतं. जपानमध्ये झिजेमुळे मणका सरकलेल्या १४५ जणांवर ऑपरेशन न करता किमान १० वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २००० साली आले. सुमारे एकतृतीयांश लोकांत मणका आणखी सरकला, पण सरकणं वाढलं म्हणून त्रास वाढला असा संबंध दिसला नाही. सुरुवातीला नसांची कमजोरी नव्हती अशांपैकी तीन चतुर्थांश जण १० वर्षांनंतरही तसेच होते. कारण अनेकदा शरीर स्वतःच तो भाग आखडून घेतं. एक्स-रेत ‘काटे आलेत’ म्हणून लोक घाबरतात, पण ते काटे पुष्कळदा हलणाऱ्या मणक्याला शरीराने लावलेले टेकू असतात. ग्रेड १ चा मणका एका रात्रीत पाय घालवत नाही. पण काही लक्षणं अशी आहेत की तिथे एक दिवसही थांबायचं नाही, ती पुढे सांगते.

मणका हलतोय का, हे कसं कळतं? माझं निम्मं निदान पेशंट खुर्चीवरून उठताना होतं. तुम्ही या रविवारी घरी गेलात की आईंना काही न सांगता पाहा. खाली पडलेली वस्तू वाकून उचलल्यावर सरळ होताना त्या मध्येच थबकतात का? मांडीवर हात टेकत, हातांनी वर चढल्यासारख्या उठतात का? रात्री कूस बदलताना चमक येते का? एका जागी दहा मिनिटं उभं राहवत नाही, सारखी जागा बदलावी लागते, असं होतं का? शिंकल्याचं किंवा कळशी उचलल्याचं निमित्त होऊन वर्षात चार-पाच वेळा कंबर धरते का? पट्टा बांधला की बरं वाटतं का? या गोष्टी एकत्र आल्या की मला हलणाऱ्या मणक्याचा संशय येतो.

त्यानंतर आम्ही हाताने तपासतो. पेशंटला पोटावर झोपवायचं, धड टेबलावर आणि पाय जमिनीला टेकलेले. एकेका मणक्यावर दाबून कुठे दुखतं ते बघायचं. मग पाय जमिनीवरून उचलायला लावून त्याच जागी पुन्हा दाबायचं. पाय उचलताना पाठीचे स्नायू घट्ट होतात. दुखणं गेलं, तर स्नायू त्या मणक्याला धरू शकतात हे कळतं, आणि व्यायामाचा उपयोग होईल अशी आशा वाटते. दुसऱ्या तपासणीत पालथं झोपवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही पाय आम्ही एकदम साधारण फूटभर उचलतो. कंबर निसटतेय असं वाटलं किंवा कळ आली आणि पाय खाली ठेवताच ती थांबली, तर संशय पक्का होतो. या तपासण्या घरी करू नका. आणि यातल्या एकाच तपासणीवर निकाल देणाऱ्यावरही विसंबू नका.

सगळ्यात महत्त्वाचा कागद तुमच्याकडे नाहीये. एमआरआय झोपवून काढतात. झोपलं की कंबरेवरचा भार जातो आणि हलणारा मणका पुष्कळदा मागे जाऊन जागेवर बसतो. त्यामुळे झोपून काढलेल्या चित्रात अस्थिरता लपते, फार तर फॅसेट सांध्यात साचलेलं पाणी तिची चाहूल देतं. माझ्याकडे वडवणीकडचे एक गवंडी आले होते. एमआरआय जवळजवळ स्वच्छ होता आणि मनाचं दुखणं आहे असं सांगून त्यांना परत पाठवलेलं होतं. उभं करून एक्स-रे काढला तेव्हा मणका पुढे सरकलेला ढळढळीत दिसला. आठ महिने त्या माणसाला घरच्यांनीही आळशी ठरवलं होतं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून आईंचे उभे राहून, बाजूने तीन एक्स-रे काढून घ्या: एक सरळ, एक पुढे वाकून, एक मागे वाकून. एमआरआयच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पुढे आणि मागे वाकताना मणका साधारण ४ ते ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल, किंवा दोन मणक्यांमधला कोन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदलत असेल, तर अस्थिरता धरतात. पुस्तकागणिक आकडे थोडे बदलतात. काहीच न दुखणाऱ्या माणसांतही ३ मिलिमीटरपर्यंत हालचाल सापडते, तेव्हा आकडा एकटा पाहायचा नाही. कळ जोराची असली तर पेशंट वाकतच नाही आणि एक्स-रे खोटाच चांगला येतो. दुखणं थोडं शांत असेल तो दिवस निवडा आणि एक्स-रे काढणाऱ्याला सांगा की आईंना जमेल तितकं पूर्ण वाकू द्या.

एवढ्यात आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात, कारण आपल्या भागात त्या नेमक्या सुटतात. पहिली, दुसरा आजार नाही ना? संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आधी वगळायचा. घरी शेळ्या-गुरं आहेत, कच्चं दूध पिण्यात येतं आणि ताप येऊन-जाऊन आहे, तर ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांपासून होणाऱ्या संसर्गाची, रक्ततपासणी करायची. हे असेल तर व्यायाम आणि पट्टा यात गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

दुसरी गोष्ट विचारायला अवघड आहे, पण आईंना विचारा. त्यांची गर्भपिशवी काढलीय का, आणि कितव्या वर्षी? २०१९ साली राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘कंबर दुखते म्हणून पिशवी काढली’ हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की त्याने आजही जीव तुटतो. दुखणं मणक्याचं होतं, गेली पिशवी, आणि कंबर होती तशीच राहिली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्यानंतरची अवस्था फार लवकर येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशय काढलेले असतील तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या. पुढे कधी स्क्रू टाकायची वेळ आली तर तो ज्या हाडात बसवायचा ते हाड धरून ठेवणारं आहे का, हे आधी कळायला हवं.

इथपर्यंतचं थोडक्यात असं: तुमच्याकडे सरकल्याचा कागद आहे, हलण्याचा नाही. उभ्याचे एक्स-रे, हाताने नीट तपासणी, पायाची ताकद, आणि टीबी-ब्रुसेला-हाडांची खातरजमा. हे होईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका, एक अपवाद सोडून.

तो अपवाद असा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच तासाला निघायचं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. मणक्याचं तातडीचं ऑपरेशन तिथे लगेच होणार का, हे पोचताच विचारा, होत नसेल तर पुढे कुठे पाठवता ते विचारा. पाऊल लोंबायला लागलं, चालताना चप्पल निसटायला लागली, तर एक-दोन दिवसांत सर्जनला दाखवायचं. बायका लघवीचं बोलत नाहीत. तुम्ही मुलगी आहात, तुम्हीच विचारा.

असं काही नसेल, तर माझा सल्ला आहे की १२ आठवडे मनापासून व्यायाम करू द्या. आषाढ चालू आहे, दसऱ्यापर्यंत तेवढेच आठवडे हातात आहेत. ही संधी वाया घालवू नका.

पहिले दोन आठवडे फक्त कळ उतरवायची आणि हालचाल शिकवायची. अंथरुणावर पडून राहणं एक-दोन दिवसांपुरतंच, त्यापुढे स्नायू आणखी ढिले पडतात. वाकायचं ते कंबरेतून नव्हे, खुब्यातून: पाठ सपाट, ढुंगण मागे, गुडघे थोडे सैल. भाकरी थापायला, झाडायला, धुणं धुवायला हेच. मग खोल स्नायू जागे करायचे. उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वास चालू ठेवून बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं, जणू तंग नाडी बांधायला जागा करतोय, आणि १० सेकंद धरायचं. असं १० वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखला तर तो व्यायाम झालाच नाही. मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू कळ थांबल्यावर आपोआप भरून येत नाही, हे १९९६ पासून अभ्यासांत दिसत आलंय. म्हणून ‘आता दुखत नाही’ म्हणून व्यायाम सोडणाऱ्या बायका पुढच्या मोसमात पुन्हा येतात.

तिसऱ्या आठवड्यापासून: उताणं झोपून कंबर उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय सरळ करणं, कुशीवर गुडघे टेकून कोपरावर धड उचलणं, आणि रोज चालणं. झिजेच्या प्रकारात मागे वाकण्याचे व्यायाम टाळा. भुजंगासन आणि सूर्यनमस्कारातली मागची कमान आत्ता नको. सुरुवातीच्या वर्षांत मी कंबरदुखीच्या प्रत्येकाला एकच छापील कागद द्यायचे, त्यात मागे वाकणं होतं. एक मावशी महिनाभर इमानेइतबारे ते करत राहिल्या आणि दोन्ही पाय बधिर होऊन परत आल्या. सुदैवाने थांबवल्यावर सुधारल्या. तो कागद मी त्याच दिवशी बंद केला. सरकलेला मणका मागे वाकताना नसांची जागा आणखी अरुंद करतो, आणि मी त्यांना ते रोज दोनदा करायला लावत होते.

या व्यायामांचा पुरावा किती? १९९७ साली ऑस्ट्रेलियात ४४ जणांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला. खोल स्नायूंचे नेमके व्यायाम शिकवलेल्यांना जास्त आराम पडला आणि तो ३० महिन्यांनंतरही टिकला. मात्र ते लोक कमानीतल्या चिरेचे होते, झिजेचे नव्हते. झिजेच्या पेशंटमध्ये मला स्वतःला निम्म्याहून अधिक जणींत चांगला फरक दिसतो, पण तो माझा अनुभव आहे, त्याला अभ्यासाचं वजन देऊ नका.

पट्ट्याबद्दल: जड कामाच्या दोन-तीन तासांपुरता, पहिले चार ते सहा आठवडे. दिवसभर बांधला तर स्नायूंचं काम तोच करायला लागतो. पायात कळ फार असेल तर मणक्यात देतात ते इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देतं, तेवढ्यात व्यायाम करता येतो. मणका त्याने घट्ट होत नाही. आणि मणका बसवून देणाऱ्याकडे आईंना अजिबात नेऊ नका. सरकलेला मणका बाहेरून दाबून जागेवर बसत नाही. आधीच ढिल्या झालेल्या जागेला झटका देणं किंवा पाठीवर पाय देणं धोक्याचं आहे.

बारा आठवडे प्रामाणिकपणे करूनही पाव किलोमीटर चालल्यावर पाय भरून येत असतील, किंवा एक्स-रेत हालचाल स्पष्ट असून कळ जगू देत नसेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. मी त्याच्या विरोधात नाही. योग्य वेळी झालेल्या ऑपरेशनने पुन्हा उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. फक्त सर्जनला एक विचारा: नस मोकळी करायची आहे, की हलणारा मणका जखडायचा आहे? स्वीडनमध्ये २०१६ साली आणि नॉर्वेमध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासांत दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा नुसती नस मोकळी केलेले लोक स्क्रू टाकलेल्यांपेक्षा मागे नव्हते. २०१६ च्याच एका अमेरिकी अभ्यासात मात्र मणका जोडलेल्यांना थोडा जास्त फायदा झाला आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी आली. म्हणजे स्क्रू सगळ्यांनाच लागत नाहीत. ज्यांचा मणका खरोखर हलतो, त्यांच्यासाठी ते विचारात घ्यायचे. म्हणूनच मी त्या तीन एक्स-रेंवर एवढी अडून बसलेय. आई तंबाखू किंवा मिश्री लावत असतील तर ती आजपासून बंद, निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. आणि जोडलेलं हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, म्हणजे ऑपरेशन करून याच मोसमात फडावर जाणं शक्य नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

आता उचलीचं. जाऊ नका असं म्हणणं मला सोपं आहे, उचल मला फेडायची नाही. खाड्याचे पैसे कापले जातात हेही मला माहीत आहे. पण कोयत्यातली, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या वाट्याची, सगळी कामं कंबरेला सारखी जड नसतात. तोडणी आणि मोळी बांधणं वाकून होतं, ते खुब्यातून वाकून आणि मध्ये सरळ होत निभावता येतं. सगळ्यात वाईट काम गाडी भरण्याचं. डोक्यावर ओली मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना कंबर मागे वाकते आणि सगळं वजन त्याच चौथ्या-पाचव्या मणक्यावर येतं. जायचंच ठरलं तर आईंनी गाडी भरायची नाही, हे वडिलांनी मुकादमाशी निघायच्या आधी बोलून ठेवावं. फडावर पोचल्यावर हे बोलणं होत नाही. माझ्याकडच्या काही जोडप्यांनी टोळीतल्या दुसऱ्या जोडप्याबरोबर कामाची अदलाबदल करून घेतलीय, भरणी त्यांनी, मोळ्या बांधणं यांनी.

आठव्या आठवड्यापासून आईंना वजन उचलायची सवय करा. अर्धी बादली, मग पूर्ण बादली, म्हणजे साधारण १० किलो, मग १५-२० किलोचं पोतं जमिनीवरून कट्ट्यावर. दसऱ्याच्या आठवड्यात भरलेली बादली खाली ठेवा, आईंना उचलायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा. उठताना त्या मध्येच थबकल्या, हात मांडीवर गेला, तर यंदाचा मोसम त्यांच्यासाठी नाही. हात गेला नाही, पायात मुंग्या वाढल्या नाहीत, तर बांधणीच्या कामाला पाठवायला माझी हरकत नाही. एक्स-रे काढून झाले की मापं इथे लिहा, मी पाहीन.